दक्षिणेची खिडकी आणि आत्याची कोथिंबीर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "माझ्या हातालाच गुण नाही गं," इथूनच तिने सुरुवात केली. तिसऱ्यांदा पेरलेली कोथिंबीर वीतभर उंच होऊन आडवी पडली होती. पुदिन्याच्या काड्या उरल्या होत्या. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली होती की, हिच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. आत्याचं म्हणणं एवढंच होतं: "तू येऊन बघ, नाहीतर सगळ्या कुंड्या रद्दीवाल्याला देऊन टाकते."

घर विलेपार्ले पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आणि तिला बाहेर काढलेली ग्रिल, पाच फूट लांब आणि दीड फूट खोल. वरच्या मजल्याचीही तशीच ग्रिल डोक्यावर. जेवणारी माणसं तीन: आत्या, काका आणि नोकरीवरून रात्री नऊला येणारा आतेभाऊ. बाग म्हणाल तर सात कुंड्या, त्यातल्या चार रिकाम्या. एका कुंडीत आतेभावाला ऑफिसात भेट मिळालेली रोझमेरी, तेव्हा अजून जिवंत होती.

मी लोकांच्या खिडक्यांतल्या बागा बघते, हा माझा छंद आहे. कुठे काही बिघडलं की आधी झाडाकडे न बघता पाण्याकडे बघायचं, एवढी एक सवय मला लागली आहे.

पाणी जात कुठे होतं

सगळ्यात मोठ्या कुंडीत मी तांब्याभर पाणी ओतलं. ते वर क्षणभरही थांबलं नाही, अर्ध्या मिनिटात खालच्या भोकातून धार लागली. आत्या म्हणाली, "बघ, पाणी जास्त होतंय. म्हणून तर मी आता एक दिवसाआड घालते." मग मी चमच्याने माती उकरली. वरचा बोटभर थर ओला होता आणि त्याखाली भाजलेल्या विटेसारखी कोरडी माती.

मुंबईत नर्सरीतून मिळते ती लाल माती. एकटी भरली की दोन उन्हाळ्यांत ती आवळते, घट्ट ढेकूळ होतं आणि कुंडीची कड सोडून आत सरकते. कडेला जी फट पडते तिच्यातून पाणी सरळ खाली उतरतं. मुळांपर्यंत ते पोचतच नाही. म्हणजे झाडं तहानेने मरत होती आणि तेच पाणी खालच्या काकूंच्या चादरींवर पडत होतं. आत्याला ही दोन दुखणी वाटत होती, आणि एकावरचा तिचा उपाय, म्हणजे पाणी कमी करणं, दुसरं वाढवत होता. माती जितकी कोरडी, तितकी फट रुंद.

त्या दिवशी आम्ही सगळ्या कुंड्या न्हाणीघरात उलट्या केल्या. माती फोडली, चाळली आणि तिच्याइतकंच भिजवून धुतलेलं कोकोपीट, तिच्याइतकंच गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली. कोकोपीट धुवायचं कारण त्यात मीठ असू शकतं. आत्याला हे पटायला वेळ लागला, कारण तिच्या मते नारळाची शेंडी आणि मीठ यांचा संबंध काय! खोबऱ्यासारखा गोड पदार्थ ज्या झाडाला लागतो त्या झाडाचं मीठ, असं म्हणून ती हसली. शेवटी धुतलेलं पाणी चाखून बघितल्यावर तिने ऐकलं.

हे मिश्रण हलकंही होतं, आणि ग्रिलच्या बाबतीत तो मुद्दा बारीक नाही. बारा इंची कुंडीत पंधरा-सोळा लिटर माती मावते. भिजलेली लाल माती असेल तर एकच कुंडी पंचवीस किलोच्या घरात जाते, आणि अशा सात कुंड्या भिंतीत ठोकलेल्या चार खिळ्यांवर! आम्ही दोन मोठ्या कुंड्या काढूनच टाकल्या.

घरच्या सालीपाल्यापासून माती करायची कल्पना मुंबईत नवी नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच भाजीपाला लावायला सुरुवात केली. त्याआधी श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून सुपीक माती करायची पद्धत महाराष्ट्रभर नेली होती. पण दीड फुटी ग्रिलमध्ये सालींचं पिंप ठेवलं तर माणूस खिडकीत उभा राहू शकत नाही. आत्याने सहा महिने पिंपाचा हट्ट धरला, मग सोडला. विकतचं गांडूळखत घेण्यात कमीपणा नाही.

सूर्य आणि अक्षय्य तृतीया

माती सुधारली म्हणून कोथिंबीर येईल असं नव्हतं. ती पेरली कधी, हे मी विचारलं. मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला, मग आषाढात, आणि आता पुन्हा अक्षय्य तृतीयेला.

"आई आळी घालायची ना त्या दिवशी," आत्या म्हणाली. आजी कोकणात अक्षय्य तृतीयेला आळी, म्हणजे बी लावायचे मातीतले गोल खळगे, घालायची हे खरंच. पण ती पडवळ, दोडका आणि भोपळ्याची असत. पावसाळ्यात मांडवावर चढणाऱ्या वेलांची ती वेळ. कोथिंबिरीचा त्या मुहूर्ताशी संबंध नाही. तिला थंड हवा लागते. पारा तिशीच्या वर राहिला आणि दिवस लांबला की ती पानं वाढवायचं सोडते, बारीक झिरमिळ्या पानांचा दांडा वर काढते आणि फुलावर येते.

त्यात ही खिडकी दक्षिणेची. दक्षिणेची खिडकी म्हणजे भरपूर ऊन, असं सगळे धरून चालतात. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. ज्या दोन दिवशी तो बरोबर डोक्यावरून जातो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, ते शून्य सावलीचे दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. त्यामुळे जून महिन्यात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. शिवाय वरच्या मजल्याची ग्रिल छत्रीसारखी डोक्यावर. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आत्याच्या ग्रिलमध्ये थेट ऊन जवळजवळ येत नाही. याउलट डिसेंबरात दुपारचा सूर्य आभाळाच्या अर्ध्यावरच असतो, तेव्हा ऊन ग्रिल ओलांडून ओट्यापर्यंत येतं.

म्हणजे आत्या नेमका ज्या आठवड्यात खिडकीतला दिवा मालवला जातो, त्याच आठवड्यात पेरत होती. भिंतीचा उकाडा होता पण उजेड नव्हता. रोपं उजेडाच्या शोधात लांबत गेली आणि आडवी झाली. हाताच्या गुणाचा इथे काही प्रश्नच नव्हता.

मग आषाढात का पेरली? "जुडी किती महाग झाली होती माहितीय?" इथे माझी ट्यूब पेटली. पावसाळ्यात कोथिंबीर महाग होते, कारण शेतात ती सडते आणि वाटेत सडते. जिला शेतकरी पिकवू शकत नाही तिला आत्या त्याच पंधरवड्यात, नैऋत्येच्या वाऱ्याने समोरून झोडपल्या जाणाऱ्या खिडकीत पिकवायला बघत होती. आणि थंडीत, जेव्हा ती इथे झकास आली असती, तेव्हा जुडी स्वस्त म्हणून पेरायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भाव चढल्यावर पेरणारी ती एकटी नाही. मी पाहिलेल्या निम्म्या खिडक्यांत हेच असतं.

फ्रिजवरचा कागद

दुसऱ्या फेरीत मी काहीच लावू दिलं नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि तीन आठवडे स्वयंपाकात कुठला पाला किती लागला, किती फेकला, याच्या रेघा ओढायला सांगितल्या. काकांनी हे काम हौसेने उचललं. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच रजिस्टर मिळालं होतं.

तीन आठवड्यांत कोथिंबिरीच्या सात जुड्या संपल्या, जवळपास एकही वाया न जाता. पोह्यांवर, आमटीत, वाटणात, एकदा वड्या. कढीपत्ता रोज दोन डहाळ्या, पण बाजारातून भाजीवाली हातावर टेकवते तो गठ्ठा निम्मा फ्रिजमध्ये काळा पडून गेला. पुदिना चार वेळा आणला. प्रत्येक वेळी वापरली पंधरा-वीस पानं, बाकी जुडी चिकट झाली. गवती चहा रोज हवा असतो पण आणायचा राहतो. हिरवी लसूण पात एकदा, तीही शोधून.

कागद उतरवल्यावर साधा हिशेब केला. माझ्या घरच्या दीड फूट बाय एक फूट ट्रेमध्ये थंडीत, सगळं नीट जुळलं तर, चाळीस दिवसांत बाजारातल्या एका जुडीइतकी कोथिंबीर निघते. आत्याला तीन दिवसाला एक जुडी लागते. चाळीस दिवसांत तेरा जुड्या, म्हणजे तेरा ट्रे. ग्रिलमध्ये मावतात पाच.

आत्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे कोथिंबीर बाजारातूनच आणायची?"

हो. माझं मत ठाम आहे, आणि ते ऐकून पुष्कळ जण रागावतात. जे जुडीने लागतं ते जुडीनेच विकत घ्यावं. खिडकीत लावायचं ते पानाने लागणारं: ज्याची पाच पानं हवी असतात आणि बाजार पन्नास देतो. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, पानओवा, लसणीची पात, हळदीची पानं. ताज्याचा फरकही यांच्यात सगळ्यात जास्त कळतो, कारण तोडल्यापासून पातेल्यात पडेपर्यंत जेमतेम मिनिट जातं.

जून ते गणपती

जूनच्या पहिल्या आठवड्यात लावणी झाली. उन्हाची चार महिने वाट न बघणारी झाडं पुढे, बाकीची मागे, एवढाच नकाशा.

पानओव्याची एक फांदी मी घरून नेली आणि मातीत खोचली. तिला काही लागत नाही. उलट लाड केले, पाणी जास्त झालं, की तिचा मांसल दांडा सडतो. पुदिना विकतच्या जुडीतलाच: जाड काड्या निवडून खालची पानं काढली आणि पेल्यात पाण्यात ठेवल्या. आठवड्यात पांढरी मुळं आली. आधीचा पुदिना मेला तो उंच, अरुंद कुंडीत होता. पुदिना आडवा धावतो, जमिनीलगत धुमारे फेकतो, म्हणून या वेळी उथळ पसरट टब घेतला. गवती चहाचे तीन मुळासकट फुटवे माझ्याच गड्ड्यातून काढून दिले.

हळदीची गोष्ट मात्र थोडी सांगायला हवी. आत्याने डब्यातली हळकुंडं काढून दिली, "ही लाव" म्हणून. हळकुंड वाळवण्याआधी शिजवलेलं असतं. ते पेरलं तर फार तर मातीला रंग येईल. ओल्या हळदीचे कोंब आलेले कंद लागतात, आणि ते नर्सरीतून मिळेपर्यंत जूनचा दुसरा आठवडा उजाडला. उशीरच झाला. पण हळदीला अर्धवट सावली चालते, पाऊस आवडतो. दक्षिणेची अंधारी पावसाळी खिडकी ही तिच्यासाठी जणू कोकणातल्या परसाची पडवी.

श्रावणात आत्याला नागपंचमीच्या पातोळ्या घरच्या पानांत करायच्या होत्या. आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं-तळायचं नाही, जे करायचं ते उकडून. म्हणून पानंसुद्धा आदल्या दिवशी खुडायची. आदल्या संध्याकाळी मोजली तर पानं होती सहा आणि सगळ्यात मोठं पान आत्याच्या तळहाताएवढं. बाजारातून आणावी लागली. गौरींपर्यंत मात्र पानं हातभर झाली होती. तांदळाची पिठी मिठाच्या पाण्यात सरसरीत कालवून पानाच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी पातळ पसरायची, मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण वेलची घालून, पान दुमडायचं आणि चाळणीवर पंधरा मिनिटं वाफवायचं. हळदीच्या पानाचा वास वाफेवर खरा खुलतो. कच्चं पान नाकाशी धरलं तर जेमतेम गवतासारखं. झाकण उघडलं तेव्हा काका हॉलमधून उठून आत आले. रजिस्टरमध्ये त्यांनी त्या दिवशी पानांची संख्या लिहिली: चौदा.

पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडल्या. पुदिन्याच्या टबात पाणी साचलं. नैऋत्येचा पाऊस ग्रिलमध्ये तिरका येतो, वरच्या छपराचा उपयोग नाही. मुळाशी काड्या काळ्या पडायला लागल्या. टबाखाली फुटक्या कौलाचे तुकडे ठेवून तो उचलला, भोकं वाढवली, तेव्हा सावरला. रोझमेरी मात्र जुलैत गेली. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उन्हातलं ते झाड, त्याला मुंबईचा जुलै म्हणजे बुडून मरण. आतेभाऊ हळहळला. त्याला पास्त्यावर काहीतरी विलायती हवं होतं. मी त्याला वाण्याकडचा फालुद्यातला सब्जा पेरायला सांगितला. सब्जा आणि इटालियन बेसिल ही एकाच जातीची झाडं. पानाचा गंध थोडा वेगळा, लवंगेकडे झुकणारा असतो, पण टोमॅटोवर तो छान बसतो. मंजिरी दिसली की लगेच खुडायची, नाहीतर झाड पानांवरचं लक्ष काढून बियांवर घालतं.

कुंड्यांखालच्या ताटल्या हा वेगळा त्रास. खालच्या काकूंच्या कपड्यांसाठी त्या ठेवल्या आणि पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस तपासणीला आला तेव्हा एका ताटलीत अळ्या निघाल्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून दर रविवारी सगळ्या ताटल्या पुसून कोरड्या होतात आणि काकांच्या रजिस्टरमध्ये त्याची सही होते. माती पाणी धरायला लागल्यापासून ताटलीत येतंच थोडं. सप्टेंबरात खालच्या काकू स्वतःहून वर आल्या, म्हणाल्या, "हल्ली पाणी येत नाही हो." आत्याने त्यांना गवती चहाची जुडी बांधून दिली. तक्रार लेखी होती, ती मागे घेतल्याचं पत्र काही कुणी दिलं नाही, पण आता त्यांच्याकडून रिकामी बरणी वर येते आणि भरून खाली जाते.

पातेल्यात काय बदललं

आत्या उत्तम स्वयंपाक करते, तिला मी काय शिकवणार. पण घरचा पाला हाताशी आल्यावर तिचीच पद्धत बदलत गेली, ती मी टिपून ठेवली.

गवती चहा ती पूर्वी चहा उकळल्यावर शेवटी टाकायची. आता गार पाण्यातच आल्याबरोबर टाकते, पाणी खळखळून उकळलं की मग चहापत्ती, मग दूध. पाती कात्रीने कापून न टाकता तीन-चार पाती दुमडून त्यांचीच गाठ मारते, म्हणजे गाळणीत चोथा अडकत नाही. पाती कापताना बुंध्याच्या वर चार बोटं सोडायची. कडा धारदार असतात, पहिल्या आठवड्यात बोट कापून घेतलं तिने.

कढीपत्त्याचं एक एक पान ओरबाडायची तिची सवय मी सोडवली. डहाळीच कापायची, तीही शेंड्याकडची. शेंडा गेला की खालून दोन-तीन फांद्या फुटतात. नाहीतर झाड काठीसारखं उंच होतं आणि ग्रिलच्या वरच्या गजाला टेकतं. ताज्या पानात पाणी जास्त असतं, म्हणून फोडणीत ते तडतडून अंगावर उडतं. धुतलेली पानं फडक्याने टिपून घ्यायची आणि तेल तापलं तरी मोहरी तडतडून झाल्यावरच टाकायची. त्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून उकळत्या आमटीत वरून टाकलेलं पान ताटात कडेला काढायच्याच कामाचं. आंबट ताक घातलं तर कढीपत्ता वाढतो की नाही, यावर पार्ल्यात दोन तट आहेत. आत्या महिन्यातून एकदा पातळ करून घालते. मी त्यात पडत नाही.

ऑक्टोबरात कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे ठिपके चालायला लागले. पुढे ते हिरवेगार झाले. लिंबाच्या कुळातलं झाड हे, त्यामुळे लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं यालाही सोडत नाहीत. आत्याने सात अळ्या उचलून कागदावर ठेवल्या आणि मला विचारलं, "मारू?" शेवटी पाच खालच्या आवारातल्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडल्या आणि दोन राहू दिल्या. दोन डहाळ्या खाल्ल्या त्यांनी. एक फुलपाखरू निघालेलं काकांनी पाहिलं, अशी रजिस्टरमध्ये नोंद आहे.

पानओव्याची भजी पावसात झालीच. पान पूर्ण कोरडं हवं, नाहीतर लवेवर पाण्याचा थेंब राहून पीठ सुटतं. बेसनात चमचाभर तांदळाची पिठी घालायची, ओवा मात्र घालायचा नाही, पानातच तो आहे. पण आत्याला भज्यांपेक्षा थालीपिठात बारीक चिरून घातलेली दोन पानं जास्त आवडली. पुदिना ती आता चटणीसाठी तोडतच नाही. चटणीला जुडी लागते, ती विकतची. घरची आठ-दहा पानं हाताने चुरगळून ताकात, मठ्ठ्यात, किंवा मसालेभातावर अगदी शेवटी.

थंडीतली एक ट्रे

दिवाळीनंतर ऊन ग्रिलच्या आत आलं तेव्हा मीच म्हटलं, आता पेर कोथिंबीर. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की, वर्षभर नको नको म्हणून आता सांगतेस? पण पाचातली एक जागा मोकळी होती. हळदीची पानं पिवळी पडून झोपायला लागली होती.

धणा म्हणजे दोन बिया चिकटलेलं एक फळ. पूर्वी आत्या ते सबंध पेरायची. या वेळी पाटावर पसरून लाटण्याने हलके रगडले, दोन फाकी होतील एवढेच, भुगा नाही. रात्रभर भिजवले आणि जिथे वाढवायचे तिथेच पेरले, कारण हिचं सोटमूळ हलवलेलं सहन करत नाही. वाण्याकडचे धणे जुने असले तर उगवत नाहीत. म्हणून आधी दहा धणे ओल्या फडक्यात बांधून बघितले, सात फुटले, तेवढं पुरे. नवव्या दिवशी कोंब वर आले. कबुतरांनी पहिल्या सकाळी निम्मे खुडले. मग जाळी लागली.

दुसऱ्या एका पसरट टोपलीत वाळू-माती भरून आत्याने मेथी पेरली, समुद्रमेथीसारखी. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत वाढवून मुळांसकट चिमुकल्या जुड्या विकतात, ती. दाणे रात्रभर भिजवायचे, दाट पेरायचे, बारा-तेरा दिवसांत काढायची. तिची वाळू धुवायला पाच पाणी लागली. "दोन रुपयांचं पाणी नि चार आण्यांची भाजी," काका म्हणाले. पण लसूण आणि ओल्या खोबऱ्याबरोबर ती भाजी केली तेव्हा वाटीत उरली नाही.

जानेवारीत कोथिंबिरीची पहिली कापणी झाली. एक जुडी, हिशेबाप्रमाणे. आत्याने तिच्या वड्या केल्या नाहीत, वाटणातही घातली नाही. आठ दिवस रोज थोडी कात्रीने कापून वरणावर घातली. फेब्रुवारीच्या शेवटी उरलेली रोपं फुलावर आली. तिने उपटायला हात घातला आणि मी थांबवलं. तीन आठवड्यांनी हिरवे, कच्चे धणे धरले. ते खलात हिरव्या मिरचीबरोबर ठेचले की पान आणि बी यांच्या मधलाच एक वास येतो, जो बाजारात कुठेच मिळत नाही. त्या ठेच्याची बरणी आतेभावाने ऑफिसात नेली ती परत आलेली नाही.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी पार्ल्याला गेले तेव्हा आत्याने थंडीत काढून सुक्या वाळूत जपलेले हळदीचे कंद बाहेर काढले होते. कोंब आले होते. चार कंद तिने दोन कुंड्यांत बोटभर खोल लावले, वर हळदकुंकू वाहिलं, काकांनी तारीख लिहिली. मग ती पिशवी घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात गेली आणि येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आली.